दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्ती

दोरांनी वेढलेल्या चौरस रिंगणात, निकाल आणि कथानक आधी ठरवून, प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठी सादर केला जाणारा व दूरचित्रवाणीवरून ठराविक वारी मालिकारूपाने दाखविला जाणारा कुस्तीचा प्रकार. यात भाग घेणारे मल्ल अंगाने बळकट व कसलेले असतात, त्यांचे पडणे-आपटणेही खरे असते. मात्र कोणी जिंकावयाचे हे मल्लांच्या बळावर ठरत नाही, तर ते आयोजक ठरवितो. या एका गोष्टीमुळे तो ऑलिंपिकमधील मुक्त शैलीच्या व ग्रीको-रोमन कुस्तीहून, तसेच तालमीतील मातीवरच्या कुस्तीहून मूलतः वेगळा ठरतो. महाराष्ट्रात अशा मालिकेचे ठळक उदाहरण म्हणजे २०१२ साली ‘कलर्स’ या हिंदी वाहिनीवरून दाखविलेली आणि पुण्यात चित्रित झालेली ‘रिंग का किंग’ ही मालिका होय. तिचे महत्त्व समजण्यासाठी मल्लाचा पोशिंदा कोण, हा प्रश्न प्रथम लक्षात घ्यावा लागतो. संस्थानिक, यात्रेतील वर्गणीदार, तिकीट काढून येणारा शहरी प्रेक्षक व अखेरीस जाहिरातदार असे पोशिंदे बदलत गेले आणि त्यांच्याबरोबर कुस्तीचे रूपही पालटले.

संज्ञा : ठरवून केलेल्या लढतीची कल्पना भारतीय मल्लांना परकी नव्हती. दोन मल्लांनी आपसांत संगनमत करून केलेल्या लटक्या कुस्तीस आखाड्याच्या भाषेत ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. हा शब्द निंदाव्यंजक आहे. त्याच्या उलट तुल्यबळांच्या अटीतटीच्या लढतीस ‘काटा कुस्ती’ आणि चितपट होऊन संपणाऱ्या कुस्तीस ‘निकाली कुस्ती’ म्हणतात. मुंबईत दोरांच्या रिंगणातील व्यावसायिक कुस्त्या सुरू झाल्यावर त्यांना ‘फ्रीस्टाइल’ हे नाव रूढ झाले. या नावामुळे ऑलिंपिकमधील मुक्त शैलीशी त्यांची गल्लत होत राहिली. मराठी वृत्तपत्रांतील ‘फ्रीस्टाइल हाणामारी’ हा शब्दप्रयोग याच रिंगणाची आठवण जपून आहे.

उगम व प्रसार : व्यावसायिक कुस्तीचा आधुनिक प्रकार एकोणिसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेतील जत्रांच्या व सर्कशींच्या तंबूंत वाढला. तंबूचा मालक आपल्या मल्लास आव्हान देणाऱ्यास बक्षीस जाहीर करी आणि त्यावर पैजा लागत. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचा फ्रँक गॉच व मूळचा एस्टोनियाचा जॉर्ज हॅकनश्मिट यांच्या १९०८ व १९११ मधील लढतींनी या खेळास मोठी प्रसिद्धी मिळाली. तथापि खऱ्या लढती पुष्कळदा लांबत व कंटाळवाण्या होत. १९२० नंतरच्या दशकात एड लुइस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो व सहकारी टूट्स माँट यांनी लढतींना वेळेची मर्यादा घातली, चटकदार डाव आणले व निकालावर आयोजकाचे नियंत्रण प्रस्थापित केले. कुस्ती खरी असल्याचा आव मल्ल आणि आयोजक बाहेरच्या जगापुढे मात्र कटाक्षाने राखीत असत.

दूसऱ्या महायुद्धानंतर दूरचित्रवाणी आली. सुरुवातीच्या काळातील अवजड कॅमेऱ्यांना लहान, प्रकाशित व चारही बाजूंनी बंदिस्त असे रिंगण फार सोयीचे ठरले. अमेरिकेत ‘गॉर्जस जॉर्ज’ या नावाने वावरणारा जॉर्ज वॅग्नर केस कुरळे करून व भरजरी झगा घालून रिंगणात येई. त्याला हरताना पाहण्यासाठी लोक दूरचित्रवाणीसमोर बसत. ग्रेट ब्रिटनमध्ये आयटीव्ही या वाहिनीने १९५५ ते १९८८ या काळात व्यावसायिक कुस्ती दाखविली. जपानमध्ये फेब्रुवारी १९५४ मध्ये रिकिदोझान याने शार्प बंधूंशी दिलेल्या लढती रस्त्यांवर मांडलेल्या संचांभोवती दाटी करून लोकांनी पाहिल्या. युद्धातील पराभवानंतर परदेशी मल्लावर जपानी मल्ल मात करतो, हे दृश्य त्यांना हवे होते. घरचा सज्जन मल्ल व बाहेरचा दांडगट हा साचा पुढे जवळजवळ प्रत्येक देशात वापरला गेला.

अमेरिकेतील ‘वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन’ या संस्थेने (२००२ पासून ‘वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट’) १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक असल्याचे मान्य केले. क्रीडा आयोगाचे निर्बंध टाळणे हा त्यामागील हेतू होता. ११ जानेवारी १९९३ रोजी तिने सोमवारचा ‘रॉ’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू केला. ठरवून केलेली कुस्ती म्हणून उघड कबुली दिल्यावरही प्रेक्षक घटले नाहीत, ही या व्यवसायाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

भारतातील पूर्वपीठिका : भारतीय मल्लांचा व यूरोपीय व्यावसायिकांचा सामना प्रथम खऱ्या कुस्तीच्या पातळीवर झाला. गामा पहिलवान याने १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी दिलेली लढत अनिर्णित राहिली. १९२८ मध्ये पतियाळा येथे गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. गामामागे पतियाळाच्या महाराजांचा आश्रय होता. महाराष्ट्रात हीच भूमिका कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी बजावली. त्यांनी तालमींना आश्रय दिला, मल्लांच्या खुराकाची सोय केली व खासबाग मैदान बांधविले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि मल्लांचा राजाश्रय संपला.

यानंतर मल्लाने जगावे कसे, हा प्रश्न किती बिकट झाला होता हे खाशाबा जाधव (१९२६–८४) यांच्या उदाहरणावरून दिसते. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी त्यांना लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक जिंकले व स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून दिले. पुढे ते पोलीस खात्यात नोकरीस लागले. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली व १९६१ मध्ये औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथील अधिवेशनात दिनकर दह्यारी हे पहिले ‘महाराष्ट्र केसरी’ ठरले. या किताबाने मल्लांना मान मिळवून दिला, परंतु कायमची उपजीविका दिली नाही.

मुंबईतील फ्रीस्टाइल : याच सुमारास मुंबईत तिकीट काढून पाहावयाच्या कुस्तीचा धंदा भरभराटीस आला. ‘अलीगढची अ‍ॅमेझॉन’ म्हणून गाजलेल्या हमीदा बानू यांनी १९५४ मध्ये मुंबईत वेरा चिस्तिलिन या रशियन महिला मल्लास मिनिटभरात हरविल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. त्यांच्या कुस्त्यांवरील बंदीविषयी त्यांनी तक्रार केली, तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांनी उत्तर दिले, की बंदी स्त्री म्हणून नसून आयोजक त्यांच्यासमोर लुटुपुटीचे प्रतिस्पर्धी उभे करतात अशा तक्रारींमुळे आहे. खरी कुस्ती कोणती व नुरा कोणती, हा वाद अशा रीतीने शासनाच्या दारापर्यंत पोहोचला होता.

या धंद्याचे सर्वांत मोठे नाव म्हणजे दारासिंग (१९२८–२०१२). पंजाबमधील अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले दारासिंग सिंगापूर व मलाया भागात व्यावसायिक मल्ल म्हणून घडले. हंगेरियन वंशाचा अजस्र मल्ल ‘किंगकाँग’ (मूळ नाव एमिल झाया) याच्याशी झालेल्या त्यांच्या लढती विशेष गाजल्या. १९५९ मध्ये कलकत्ता येथे जॉर्ज गोर्डिएंको याला हरवून त्यांनी राष्ट्रकुल विजेतेपद मिळविले, तर २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ याच्यावर मात करून ते जागतिक विजेते म्हणून घोषित झाले. व्यावसायिक कुस्तीत जगज्जेतेपदे देणाऱ्या संस्था अनेक असल्याने अशा किताबांचे मोल संस्थेगणिक बदलते. तथापि मुंबईच्या प्रेक्षकांच्या दृष्टीने हा विवाद गौण होता. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये अशा कुस्त्यांना गर्दी होई आणि ‘दारासिंग’ हा मराठीत बलदंड माणसासाठी सर्रास वापरला जाणारा शब्द झाला. चित्रपटांनी दारासिंग यांची कीर्ती खेड्यापाड्यांत नेली. १९८३ मध्ये ते रिंगणातून निवृत्त झाले.

वऱ्हाड व बुलढाणा जिल्हा : मुंबईचे रिंगण आणि कोल्हापूरची तालीम यांहून वऱ्हाडातील स्थिती निराळी होती. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्याच्या पश्चिमेकडील बुलढाणा जिल्ह्यात कोल्हापूरसारखा मल्लांना पदरी बाळगणारा दरबार नव्हता. त्यामुळे येथील कुस्ती गावाच्या वर्गणीवर, यात्रांतील दंगलींवर व मारुतीच्या देवळालगतच्या आखाड्यांवर जगली. शेगावच्या गजानन महाराजांच्या चरित्रात (समाधी १९१०) पाटील घराण्यातील हरी पाटील त्यांना कुस्तीचे आव्हान देतो व बसलेल्या महाराजांना जागचे हलवूही शकत नाही, असा प्रसंग वर्णिला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागातील पाटलांच्या घरी कसरत व कुस्ती ही प्रतिष्ठेची बाब होती, हे त्यावरून दिसून येते. संघटित व्यायामप्रसाराचे काम वऱ्हाडात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने (स्थापना १९१४) केले. त्याच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली.

यात्रेतील दंगलीचे अर्थकारण साधे असते. गावकरी वर्गणी काढतात. पंच जमलेल्या मल्लांतून शरीर व वकूब पाहून जोड लावतात. लहान मुलांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते, बक्षिसाची रक्कम चढत जाते आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी होते. कुस्ती रेंगाळली, तर ती बरोबरीत सोडविली जाते व इनाम वाटून दिले जाते. आवडलेल्या मल्लास प्रेक्षक जागेवरच पैसे देतात. या व्यवस्थेत पैसा थोडा असतो, परंतु पैसा देणारा आणि निकाल पाहणारा एकच असतो. पाठीला माती लागली की नाही, याचा निवाडा हजारो डोळ्यांदेखत होतो. नुरा कुस्तीचा संशय आला, तर मल्लाची त्या पंचक्रोशीतील पत जाते. खऱ्या निकालाचे रक्षण करणारी ही शक्ती नियमपुस्तकात नव्हे, तर मैदानाभोवतीच्या समाजात होती.

दूरचित्रवाणीचे आगमन : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले व त्यानंतरच्या काही वर्षांत लहान क्षेपणकेंद्रांचे जाळे देशभर पसरले. ग्रामीण घरांत मल्ल आठवड्यागणिक येऊ लागला, तो प्रतिस्पर्धी म्हणून नव्हे तर देवाच्या रूपाने. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी दाखविल्या गेलेल्या ‘रामायण’ या मालिकेत दारासिंग यांनी हनुमानाची भूमिका केली. ज्या दैवताला नमस्कार करून पहिलवान मातीत उतरतो, त्याच्याच रूपात व्यावसायिक रिंगणातील मल्ल घरोघरी पोहोचला. बुलढाणा जिल्ह्यातही मारुतीच्या उपासनेस मोठे स्थान असून नांदुरा येथे १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती उभी आहे.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या व केबलचे जाळे आले आणि अमेरिकन व्यावसायिक कुस्ती भारतीय घरांत नियमित दिसू लागली. मुलांमध्ये मल्लांची उंची, वजन व क्रमांक छापलेल्या पत्त्यांचे खेळ लोकप्रिय झाले. २००७ मध्ये हिमाचल प्रदेशातील दलीपसिंग राणा हा ‘द ग्रेट खली’ या नावाने ‘वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट’चा जागतिक अवजड गटाचा विजेता ठरविला गेला. त्यानंतर भारतीय मल्लांना घेऊन भारतातच असा कार्यक्रम करण्याची कल्पना मूळ धरू लागली.

रिंग का किंग : ‘टोटल नॉनस्टॉप अ‍ॅक्शन’ (टीएनए) ही अमेरिकन कुस्ती संस्था व ‘एंडेमॉल इंडिया’ ही निर्मितिसंस्था यांनी मिळून ही मालिका केली. टीएनएचे संस्थापक जेफ जॅरेट यांचा तीत प्रमुख सहभाग होता आणि क्रिकेटपटू हरभजनसिंग यांचे नाव प्रसिद्धीसाठी जोडण्यात आले होते. चित्रीकरण डिसेंबर २०११ मध्ये पुण्याजवळील बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात सुरू झाले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या या संकुलात २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा, कुस्तीसह, पार पडल्या होत्या. मालिकेचा पहिला भाग २८ जानेवारी २०१२ रोजी प्रक्षेपित झाला. दर शनिवारी व रविवारी एक याप्रमाणे तेरा आठवड्यांत २६ भाग दाखविण्यात आले व २२ एप्रिल २०१२ रोजी ती संपली.

मॅट मॉर्गन, स्कॉट स्टायनर, अ‍ॅबिस, मॅग्नस, चावो गरेरो इ. परदेशी मल्ल तीत होते; मॉर्गन हा पहिला अवजड गटाचा विजेता ठरविण्यात आला. भारतीय मल्लांना महाबली वीरा, पठानी पठ्ठा, डेडली डंडा, रोमिओ राप्टा अशी नावे देण्यात आली. भारतीय वंशाचा अमेरिकन मल्ल सॉन्जय दत्त याचाही तीत सहभाग होता. प्रत्येक भागात काही लढती, मल्लांची भाषणे व कुरापती, खलनायकांची टोळी आणि पुढील भागाची उत्कंठा वाढविणारा शेवट अशी रचना असे. मालिकेत एका लढतीचे महत्त्व तिच्या निकालापेक्षा पुढील वैराची पायाभरणी करण्यात असते; म्हणूनच निकाल आधी ठरविल्याविना अशी मालिका चालू शकत नाही.

मालिकेस दुसरे पर्व लाभले नाही. महाबली वीरा हा मल्ल पुढे ‘महाबली शेरा’ या नावाने टीएनएच्या अमेरिकेतील कार्यक्रमांत दिसला. महाराष्ट्राच्या दृष्टीने या मालिकेतील लक्षणीय बाब निराळीच आहे. बालेवाडी हे स्थळ पुण्याच्या जुन्या तालमींपासून फार दूर नाही, तरी मालिकेच्या कथानकात वा प्रतिमांत मराठी मातीतील कुस्तीस स्थान मिळाले नाही. त्याच २०११ साली नरसिंग यादव यांनी महाराष्ट्र केसरीचा किताब पहिल्यांदा जिंकला. २०१२ व २०१३ मध्येही तो त्यांनीच मिळविला. एकाच राज्यात, एकाच काळात ‘विजेता’ हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जात होता.

पुढील प्रयत्न : ठरवून केलेल्या कुस्तीऐवजी खरी कुस्तीच दूरचित्रवाणीस योग्य अशा स्वरूपात मांडण्याचे प्रयत्न यानंतर झाले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘प्रो रेसलिंग लीग’ सुरू झाली. तीत ऑलिंपिक नियमांनुसार पुरुष व महिला मल्लांच्या सांघिक लढती झाल्या व पहिले विजेतेपद मुंबईच्या संघाने मिळविले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘झी टॉकीज’ या मराठी वाहिनीने ‘महाराष्ट्र कुस्ती दंगल’ ही सांघिक स्पर्धा भरविली. तिच्या लढती बालेवाडीच्याच संकुलात झाल्या. सहभागी संघांत ‘विदर्भाचे वाघ’ हा संघ होता. सात वर्षांपूर्वी जेथे ठरीव निकालांचे रिंगण उभे राहिले होते, तेथे तालमीतील मल्ल आपल्या स्वतःच्या नावाने व खऱ्या निकालासाठी गादीवर उतरले.

मूल्यमापन : व्यावसायिक कुस्तीस केवळ फसवणूक म्हणणे योग्य नाही. १९८९ नंतर तिने स्वतःच करमणुकीचे स्वरूप मान्य केले आहे. तिच्यातील शारीरिक कौशल्य अस्सल आहे व दुखापतीही अस्सल आहेत. तिने दारासिंग यांच्यासारख्या काही मल्लांना राजाश्रय संपल्यावरही कीर्ती व उपजीविका दिली. परंतु ही वाट थोड्यांनाच खुली झाली. दूध, तूप व बदाम यांच्या खुराकावर वर्षानुवर्षे घाम गाळणाऱ्या सामान्य मल्लाचा खर्च तिने उचलला नाही, कारण तिला हवा असलेला गुण म्हणजे डावावरील प्रभुत्व नव्हे, तर प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे व्यक्तिमत्त्व होय.

मल्लाच्या पोशिंद्यांचा क्रम पाहिला, तर प्रत्येकाने कुस्तीकडे वेगळी मागणी केलेली आढळते. संस्थानिकास आपल्या दरबाराची शान हवी होती, गावाला निकाली कुस्ती, तिकिटाच्या प्रेक्षकास दारासिंगचा विजय आणि जाहिरातदारास पुढील आठवड्यापर्यंत टिकणारी उत्सुकता. यांपैकी गावाची मागणीच मल्लाच्या प्रत्यक्ष सामर्थ्याशी सर्वांत जवळून निगडित होती. पण गावाची ऐपत सर्वांत कमी होती. राजाश्रय गेल्यानंतरच्या मराठी कुस्तीची कोंडी ती हीच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात, जेथे मोठा आश्रयदाता मुळातच नव्हता, तेथे कुस्ती वर्गणीच्या बळावर टिकली. दूरचित्रवाणीच्या रिंगणाने करमणूक म्हणून तिच्याशी स्पर्धा केली. मल्ल घडविण्याचे काम मात्र आखाड्याकडेच राहिले.